२,१४,७४,८३,६४७ : घड्याळाला अडवणारी मूळ संख्या

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे झालेली असतील, दुबईत ७ वाजून १४ मिनिटे, लंडनमध्ये पहाटेचे ३ वाजून १४ मिनिटे आणि न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे १० वाजून १४ मिनिटे. त्यानंतर सातव्या सेकंदाला जुन्या पद्धतीची संगणकीय घड्याळे एका संख्येपाशी पोहोचतील : २,१४,७४,८३,६४७.

गणितज्ञांचा या संख्येशी परिचय संगणकाहून कितीतरी जुना आहे. दोनाच्या ३१ व्या घातातून एक वजा केला की ती मिळते. ती मूळ संख्या आहे, हे लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवले. तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. एरवी ४६,३४० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी, म्हणजे चार हजारांहून अधिक वेळा, भाग देऊन पाहावे लागले असते. परंतु या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे ऑयलर यांनी ओळखले. त्यामुळे तपासण्याजोग्या मूळ संख्या शंभराहूनही कमी उरल्या आणि त्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही.

या संख्येला दोनाच्या ३० व्या घाताने गुणले असता परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, असे इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले होते. ते भाकीत पुढे खोटे ठरले.

संगणकाशी तिचा संबंध मात्र तिच्या मूळपणामुळे नाही. द्विमान पद्धतीत ती सलग ३१ एकांनी लिहिली जाते. ३२ बिटांपैकी एक बीट धन-ऋण चिन्हासाठी राखला की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी हीच सर्वांत मोठी संख्या. युनिक्स प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. मोजणी या टोकाला पोहोचल्यावर आणखी एक सेकंद मिळवला की चिन्ह उलटते आणि घड्याळ थेट १३ डिसेंबर १९०१ दाखवू लागते.

उपाय उपलब्ध आहे. ६४ बिटांच्या घड्याळाची मर्यादा दोनाचा ६३ वा घात वजा एक इतकी असून, ती गाठण्यास सुमारे २९२ अब्ज वर्षे लागतील. ही नवी मर्यादा मूळ संख्या नाही, तिला ७ ने भाग जातो. ६३ ला ३ ने भाग जातो, म्हणून दोनाचा तिसरा घात वजा एक, अर्थात ७, तिचा विभाजक ठरतो.

चिंता आहे ती यंत्रांत बसवून विसरल्या गेलेल्या जुन्या प्रणालींची आणि ३२ बिटांत तारखा साठवणाऱ्या जुन्या नोंदींची. शिवाय आज घेतलेल्या तीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०३८ च्या पलीकडे पडतो. त्याची तारीख ज्या संगणकाला मांडावी लागते, त्याच्यासाठी हा प्रश्न भविष्यातला नाही, तो आजचाच आहे.