सक्तमजुरीची मजुरी कुणाच्या हाती?

‘आरोपीस सात वर्षे सक्तमजुरी.’ वर्तमानपत्रात अशी ओळ आपण आठवड्यातून दोनदा तरी वाचतो आणि पान उलटतो. मैत्रिणींनो, त्यातला ‘सक्त’ तेवढा आपल्या लक्षात राहतो. ‘मजुरी’कडे आपलं लक्षच जात नाही. मजुरी म्हटली की काम आलं आणि कामाचे पैसेही आले. मग तुरुंगात ही माणसं नेमकं करतात काय? त्याचे पैसे मिळतात का? आणि मिळत असतील, तर मागे घरी राहिलेल्या बायकोपोरांपर्यंत त्यातलं काही पोचतं का?

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपल्या घरात कुणी चोर-दरोडेखोर नाही. खरं आहे. पण महाबळेश्वरला तर गेला आहात ना? तिथल्या थंड हवेत तीनचाकी-चारचाकीतून हिंडताना कुणाच्या मनातही येत नाही, की या डोंगरावरचे जुने रस्ते कैद्यांच्या हातचे आहेत. तेही आपल्याकडच्या नव्हे, चिनी आणि मलायी कैद्यांच्या. १८३४ ते १८६४ अशी सुमारे तीस वर्षं तिथं त्यांचा तुरुंग होता. सिंगापूर-मलाक्काच्या बाजूला शिक्षा झालेली माणसं इंग्रज सरकारनं जहाजात घालून आणली आणि आपल्या सह्याद्रीवर कामाला लावली. ती बागाईत हुशार. बटाटे आणि विलायती भाज्या त्यांनी पिकवल्या, वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणल्या. आणि इकडचे कैदी पाठवले तिकडे! सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज हे मोठं चर्च १८५६ ते १८६१ या काळात हिंदुस्थानी कैद्यांनी बांधलं. हिशेब सरळ होता. माणूस मुलखापासून तुटला म्हणजे पळून जाणार कुठं? आणि फुकटचा मजूर सरकारला मिळाला तर नको का होता?

खुद्द इंग्लंडात मात्र याहून चमत्कारिक प्रकार होता. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनियरनं तुरुंगासाठी पायऱ्यांचं एक मोठं चाक काढलं. कैद्यानं त्यावर उभं राहायचं आणि तासन् तास पायऱ्या चढायच्या. चाक फिरतं, पायरी खाली जाते, माणूस तिथल्या तिथंच. काही ठिकाणी त्यावर धान्य दळत, पाणी उपसत. पुष्कळ ठिकाणी मात्र ते चाक काहीच करीत नसे, नुसतं फिरे. दळण नाही, पाणी नाही, फक्त पाय मोडायचे. १८९८च्या कायद्यानं ते बंद झालं. आपण बायका दिवसभर राबतो आणि संध्याकाळी ‘काय केलं आज?’ म्हटलं तर दाखवायला काही नसतं, अशी आपली तक्रार असते. पण निदान घरातली माणसं जेवलेली असतात! ज्यातून काहीच होत नाही असं काम मुद्दाम करवून घ्यायचं, याहून मोठी शिक्षा मला तरी सुचत नाही.

आपल्याकडच्या तुरुंगांत तर जेवणाखाण्यावरूनही दंगे झाले आहेत. पूर्वी कैद्याला शिधा किंवा पैसे मिळत आणि तो आपलं आपण शिजवून खाई. १८४०नंतर बंगाल-बिहारकडे सर्वांचा स्वयंपाक एकत्र करायचा हुकूम निघाला. पुढं १८५५ साली आरा आणि मुझफ्फरपूर इथं कैद्यांचे पितळी लोटे काढून घेतले आणि मातीची भांडी दिली. लोटा डोक्यात घालून मारता येतो, ही साहेबांची भीती. पण पितळेचा लोटा घासून पुन्हा शुद्ध होतो, मातीचं भांडं एकदा विटाळलं की विटाळलं, हे त्या काळच्या माणसाला कोण पटवणार? कैदी बिथरलेच, मुझफ्फरपुरात तर गावकरीही त्यांच्या बाजूनं धावले. शेवटी सरकारला लोटे परत करावे लागले. तुमच्याआमच्या मोरीतला लोटा हो! त्याच्यासाठी सरकार नमलं.

अंदमानात मात्र नमण्याची भाषा नव्हती. तिथल्या सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ला सुरू होऊन १९०६ला संपलं. एका माणसाला एक कोठडी, शेजारच्याशी बोलायचीही चोरी. नारळाच्या सोडणाचा काथ्या कुटायचा, नाही तर कोलूला जुंपून घ्यायचं. कोलू म्हणजे तेलाचा घाणा. आपल्याकडे घाण्याला बैल असतो, तिथं माणूस असे. दिवसाला खोबऱ्याचं तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर तेल निघालं पाहिजे, नाही तर बेड्या. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११च्या जुलैत तिथं पोचले आणि १९२१पर्यंत होते. ‘माझी जन्मठेप’ घरोघर वाचली गेली, त्यामुळं हा कोलू मराठी घरांना नवा नाही. त्यांचे वडील बंधू बाबाराव तर त्यांच्याही आधीपासून तिथं होते. मला या साऱ्या कथेत आठवण होते ती बाबारावांच्या पत्नीची, येसूवहिनींची. नवरा काळ्या पाण्यावर, घरादाराची धूळधाण. त्यांनी वर्षामागून वर्षं भेटीच्या परवानगीची वाट पाहिली. १९१९मध्ये ती परवानगी आली, तेव्हा वहिनी या जगात नव्हत्या. कोलू फिरवणाऱ्याची शिक्षा कोर्टानं मोजून दिली होती. वहिनींची कुणी मोजली?

तुरुंगातल्या मालाला तेव्हाही मोठी गिऱ्हाइकं होती. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला १८८७ साली पन्नास वर्षं झाली, त्या निमित्तानं विंडसरच्या राजवाड्यासाठी आग्र्याच्या तुरुंगात एक अखंड गालिचा विणला गेला. वजन सुमारे दोन टन! १९९२मध्ये त्या राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नासेक सैनिक लागले. गालिचा वाचला, आजही आहे. विणणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुणाला माहीत नाही. एक एक गाठ मारीत किती बोटं सोलली असतील, ते आपल्यासारख्या विणकाम करणाऱ्यांनीच ओळखावं.

कैद्याला सुधारून घरी पाठवणं हेही तुरुंगाचं काम आहे, असं सरकारी समितीनं पहिल्यांदा नीटपणे म्हटलं ते १९१९-२०मध्ये. म्हणण्याला आणि करण्याला अंतर असतं. पण आपल्याकडच्या एका राजानं ते करून दाखवलं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी म्हटलं की आपल्याला सूर्यनमस्कार आठवतात. त्यांनी १९३९ साली आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची एक वसाहत वसवली, नाव ठेवलं स्वतंत्रपूर. पोलंडहून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांची ही कल्पना. भिंती नाहीत, गज नाहीत. कैद्यानं शेती करायची आणि, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, बायकोमुलांना जवळ ठेवायचं! याच स्वतंत्रपुरावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि खेळणी विकणारी संध्या. आपल्या आयांनी तो थिएटरात डोळे पुसत पाहिला, आपण दूरदर्शनवर. पण पडद्यावरची ती गोष्ट सांगली जिल्ह्यात खरोखर घडत होती आणि ते स्वतंत्रपूर अजून चालू आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? आता खुली कारागृहं पैठणला, येरवड्याला आणि इतरत्रही आहेत. शिक्षेचा काही भाग चांगल्या वर्तणुकीनं काढलेल्यांनाच तिथं पाठवतात.

आता पैशाची गोष्ट. माणसाला वेठीला धरू नये असं आपली घटना तेविसाव्या कलमात सांगते. मग सक्तमजुरीच्या कैद्याला फुकट राबवायचं का? हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढं होता. १९९८ साली निकाल लागला. कैद्याला काम लावता येईल, पण त्याची योग्य मजुरी दिली पाहिजे. त्यातून जेवणाकपड्याचा खर्च कापून घ्या, आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्या कुटुंबासाठीही काही भाग बाजूला काढा. मला हा निकाल एखाद्या शहाण्या घरधनिणीनं केल्यासारखा वाटतो. डब्यातल्या पैशाचे भाग पाडताना कुणालाच विसरायचं नाही!

प्रत्यक्षात मजुरी किती? कैद्यांचे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात. महाराष्ट्रात २०२३ साली दर वाढले, तरी कुशल सुताराचा दिवसाचा रोज शंभराच्या आतच राहिला. बाहेर तो सुतार तुमच्या दाराची बिजागरी बसवायला किती घेतो, ते तुम्हीच आठवा. संजय दत्त येरवड्यात कागदी पिशव्या करीत असे. २०१६च्या फेब्रुवारीत सुटला, तेव्हा कमाईतले चारशे-साडेचारशे रुपये त्याच्या हाती उरले होते, असं वर्तमानपत्रांत आलं. आपण हसलो. पण संजय दत्तचं घर त्या पैशावर चालत नव्हतं. इतरांचं काय?

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत एक मुलगी होती. फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ती काही लिहीत नसे. शेजारची मुलगी सांगायची, ‘बाई, तिचे वडील गावाला असतात.’ खरं काय ते वर्गात सगळ्यांना माहीत होतं. तिची आई चार घरची धुणीभांडी करी. महिन्याकाठी भेटीला जायचं म्हणजे दिवसाचा पगार बुडवून, एसटीचं भाडं भरून, वर तिकडच्या कँटीनसाठी शंभर-दोनशे रुपये ठेवून यायचे. म्हणजे पैसा तुरुंगातून घरी यायच्या ऐवजी घरून तुरुंगात जाई. गुन्हा नवऱ्याचा, हप्ते बायकोचे.

म्हणून ‘जिव्हाळा’ योजना वाचली तेव्हा बरं वाटलं. १ मे २०२२ रोजी येरवड्यात ती सुरू झाली. कैद्याच्या तुरुंगातल्या मजुरीच्या भरवशावर राज्य सहकारी बँक त्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज देते. मुलीची फी, घरातलं आजारपण, वकिलाचे पैसे यांसाठी ते वापरायचं आणि मजुरीतून फेडायचं. आत बसलेल्या बापाला ‘तुझी फी मी भरली’ म्हणता आलं, तर मुलीला तो रकाना भरायचा धीर येईल की नाही, सांगता येत नाही. पण आईचा एक महिना तरी निभेल.

कामाची वाटणी हा आणखी एक नाजूक विषय. काही राज्यांच्या तुरुंग-नियमांत अगदी परवापर्यंत लिहिलेलं होतं, की स्वयंपाक ‘योग्य’ जातीच्या कैद्यानं करावा आणि संडास-झाडलोट मेहतरानं. एका स्त्री पत्रकारानं, सुकन्या शांता यांनी, हे उघडकीला आणलं, त्याच कोर्टात गेल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं असे नियम रद्द केले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर! नवल करायचं, पण आधी आपल्या घरात मोलकरणीचा चहाचा कप वेगळ्या फळीवर नाही ना, तेही बघून घ्यायचं.

आणि बायका? तुरुंगातल्या शंभर माणसांत त्या चारेक असतात. कमी म्हणून दुर्लक्षित. १९८३मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं, की स्त्रियांच्या कोठड्या वेगळ्या हव्यात, त्यावर स्त्री शिपाई हव्यात आणि चौकशी स्त्री पोलिसासमोरच व्हावी. त्याआधी मुंबईच्या तुरुंगात शीलाबाई पंधरा जणींशी बोलल्या होत्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. आईबरोबर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तुरुंगात राहू शकतं, हे २००६च्या निकालानं ठरलं. सहाव्या वाढदिवसानंतर ते नातेवाइकांकडे, नाही तर संस्थेत. अशा वेळी मुलाला ठेवून घ्यायला कुणी मामा-मावशी पुढं येतेच असं नाही.

शेवटी एक व्यवहाराची माहिती, कापून ठेवण्यासारखी. २०२२च्या सरकारी आकड्यांप्रमाणं देशातल्या दर चार कैद्यांतले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही. त्यांना सक्तमजुरी लावता येत नाही, पण जामिनाला वकील नाही म्हणून ते आतच राहतात. तुमच्या कामवालीच्या, भाजीवालीच्या घरी अशी वेळ आली, तर तिला सांगा: १९८७च्या कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. कोठडीत असलेल्या पुरुषालाही मिळतो. अर्ज साध्या कागदावर चालतो. तो तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे द्यायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. आणि अर्जाची एक प्रत पोच घेऊन घरी ठेवायला तिला जरूर सांगा.