झोपलेली मोहरी आणि जागा झालेला हल्ला

एप्रिल २०२४, टोरांटोची कँडिडेट्स बुद्धिबळ स्पर्धा. नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी खेळताना हिकारू नाकामुराच्या राजाकडील एच३ प्याद्यावर उंटाचा बळी दिला आणि डाव जिंकला. पुढे त्याच स्पर्धेत नाकामुराला त्याने पुन्हा हरवले!

असे बळी कधी फळतात? हल्ल्यात आपली मोहरी जास्त असतात आणि समोरची बचावाला पोहोचू शकत नाहीत, तेव्हा.

याचा सर्वांत सुंदर धडा १८५८ सालचा. पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फीसमोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर मिळून खेळत होते. आठव्या चालीला बी७ चे प्यादे फुकट मिळत होते. पण ते घेतल्यास काळा वजिरावजिरी करून सुटला असता, म्हणून मॉर्फीने शांतपणे घोडा बाहेर काढला. काळ्याचा वजीर ई७ वर, स्वतःच्याच उंटाची वाट अडवून! मग घोडा, हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन मॉर्फीने सतराव्या चालीला हत्तीने मात केली. काळ्याचा राजाकडील उंट आणि हत्ती तेव्हाही मूळ घरातच होते.

नाशिकच्या नवोदितांनी हा डाव पटावर मांडून पाहावाच; दहाव्या चालीपाशी थांबून पांढऱ्याची पुढची चाल स्वतः शोधावी.