चेंडूच्या वाटेत धावणारा

हॉकीत पेनल्टी कॉर्नर मिळाला की आपले डोळे ड्रॅगफ्लिकरवर, म्हणजे चेंडू काठीनं ओढून गोलवर भिरकावणाऱ्यावर, खिळतात. एकदा समोरच्या गोलकडे बघा. गोलरक्षक धरून पाच जण रेषेमागे उभे, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. त्या पाचांतला एक तोंडावर मुखवटा चढवतो, गुडघ्यांना पॅड बांधतो आणि चेंडू आत सरकला रे सरकला की थेट फ्लिकरच्या अंगावर धावत सुटतो. येणाऱ्या चेंडूचा वेग ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जातो. कुणीही शहाणा माणूस बाजूला होईल. हा मुद्दाम त्याच्या वाटेत जातो! याला म्हणतात फर्स्ट रशर.

नियम तर आणखी अजब. पाच मीटरच्या आत पहिला फटका त्याच्या गुडघ्याखाली लागला, तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर. गुडघ्यावर किंवा त्याहून वर लागला, तर फटका धोकादायक ठरतो आणि फ्री हिट याच्या संघाला.

असा माणूस निवडायचा, की आणखी एक कलाकार? खडकीच्या धनराज पिल्लेची धाव पाहिलेले आपण. मन कलाकाराकडेच ओढणार. पण ऑलिंपिकचा संघ १६ जणांचा. सामन्यात खेळाडू कितीही वेळा बदला, पेनल्टी कॉर्नर दिल्यावर मात्र तो संपेपर्यंत नाही. खरी मेख इथे आहे. त्या क्षणी रशर बाकावर असेल, तर तो असून नसल्यासारखा. म्हणून त्याला एरवीही मैदानावर पाय रोवून खेळता यायला हवं.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या भारतीय संघात ड्रॅगफ्लिकर जुगराज सिंग राखीव राहिला. ओडिशाच्या सुंदरगडचा बचावपटू अमित रोहिदास, भारताचा फर्स्ट रशर, मुख्य संघात होता. मला तरी हा हिशेब पटतो, कारण फ्लिकसाठी कर्णधार हरमनप्रीत सिंग होताच.

उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध १७व्या मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड मिळालं. दहा जणांनी किल्ला लढवून शूटआउट जिंकलं, पण उपांत्य सामन्यात त्याच्यावर बंदी. जर्मनीचा पहिला गोल गोन्झालो पेलाटनं केला, तोही पेनल्टी कॉर्नरवर. रोहिदास असता तर तो अडलाच असता, असं नाही. त्याच्यासमोरही गोल झालेत. भारत २-३ हरला.

स्पेनविरुद्ध तो परतला, भारतानं २-१ जिंकून कांस्य घेतलं. पॅरिसमधल्या भारताच्या १५ गोलांपैकी रोहिदासच्या नावावर एकही नाही.