नैराश्य : उपचार घेणे ही दुर्बलता नव्हे

अंगात ताप भरला की आपण डॉक्टर गाठतो. हात मोडला तर प्लास्टर घालून चारचौघांत वावरतो. मन आजारी पडले की मात्र दार लावून घेतो. "लोक काय म्हणतील?" या एका प्रश्नापायी कित्येक घरांतील कर्ती माणसे आणि होतकरू विद्यार्थी वर्षानुवर्षे एकटेच कुढत राहतात. आपल्या स्मरणिकेत शिक्षण, संघटन व संस्कार यांवर नेहमीच लिहिले जाते. या वेळी ज्यावर आपण सहसा बोलत नाही, त्या नैराश्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

त्यास कारणही आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः या आजारातून गेलो. बँकेत काउंटरवर बसल्यावर साधी बेरीज तीन-तीनदा करावी लागे. पहाटे साडेतीनला जाग येई आणि पुन्हा डोळा लागत नसे. रविवारी विहारात वंदनेला जाणेही सुटले. कोणी विचारले तर कामाचा ताण आहे, असे सांगून वेळ मारून नेत असू. मनात एकच सल होता, बाबासाहेबांचे नाव घेणारा माणूस असा खचतो कसा? घरच्यांनी धीर करून डॉक्टरांकडे नेईपर्यंत आठ महिने गेले. तसे आठ महिने दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुःख आणि आजार

दुःख प्रत्येकाच्या वाट्याला येते. जवळचे माणूस गेले, परीक्षेत अपयश आले तर वाईट वाटणारच. नैराश्य हा आजार त्याहून वेगळा आहे. मन सतत खिन्न असणे किंवा कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, अंगात त्राण नसणे, लक्ष न लागणे, आपण कवडीमोलाचे आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, अशी बरीचशी लक्षणे दोन आठवडे किंवा अधिक काळ टिकून राहिली आणि रोजचे काम अडू लागले, तर तो आजार समजून तपासणी करून घ्यावी. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या पाहणीत दर वीस प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते, असे दिसून आले. म्हणजे आपल्या सभागृहात दोनशे माणसे बसली असतील, तर हा विषय त्यांतील दहा जणांच्या घरचा आहे.

आपल्या समाजात याला आणखी एक बाजू आहे. घरातला पहिला पदवीधर साऱ्या कुटुंबाची आशा खांद्यावर घेऊन शहरात जातो. वसतिगृहात वा कार्यालयात कधी जातीवरून टोमणे ऐकतो आणि गावी मात्र "सर्व ठीक आहे" असे कळवतो. हे ओझे साधे नाही. उपचार म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसायला शिकणे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. अन्यायाविरुद्ध उभे राहण्यासाठीच मन धडधाकट हवे.

तथागतांनीही औषध घेतले

मनाला आजार होतो हे धम्माला नवीन नाही. शरीराचा रोग आणि मनाचा रोग असे दोन रोग तथागतांनी अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. वर्षानुवर्षे शरीराने निरोगी राहिलेली माणसे सापडतील, पण क्षणभरही मनाने निरोगी असलेला माणूस, अर्हत सोडल्यास, दुर्मीळ, असे त्यांचे सांगणे आहे. मग लाज कसली?

स्वतः भगवंतांना पोटाचा विकार झाला, तेव्हा तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकून आलेल्या जीवकाने त्यांना औषध दिले. देवदत्ताने ढकललेल्या शिळेची कपची पायाला लागली, तेव्हाही जीवकानेच उपचार केले. मी बुद्ध आहे, मला वैद्याची गरज नाही, असे ते म्हणाले नाहीत. मग उपचार घेतल्याने आपली श्रद्धा कशी उणी ठरेल?

उपचार म्हणजे काय?

उपचार मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतात व ते औषधे देतात. थायरॉईडच्या विकारातही अशी लक्षणे दिसतात, म्हणून ते रक्ततपासणीही सांगतात. गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. नैराश्यावरील या गोळ्यांची नशा चढत नाही. परंतु बरे वाटू लागले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बरे झाल्यावरही काही महिने त्या घ्याव्या लागतात.

दुसरा प्रकार संवादाचा. मानसशास्त्रज्ञ साधारण आठवड्यातून एकदा पाऊण तास बसवून बोलतात. ते उपदेश करत नाहीत, प्रश्न विचारतात. अमेरिकेतील डॉ. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. समजा, एखादा विद्यार्थी म्हणाला, "एका विषयात नापास झालो, म्हणजे माझा जन्मच फुकट." तर या विचाराला पुरावा काय, उलट पुरावा काय, हे त्याला कागदावर लिहायला लावतात. कोणाचेही म्हणणे तपासल्याविना स्वीकारू नये, ही शिकवण तथागतांनी कालामांना दिली. येथे ती स्वतःच्याच विचारांना लावायची, इतकेच. जोडीला रोज थोडे चालणे, एखादे काम पुरे करणे असा गृहपाठही असतो. सौम्य आजारात पुष्कळदा एवढे पुरते. तीव्र आजारात औषध आणि संवाद दोन्ही लागतात.

ध्यान करू नये काय?

जरूर करावे, पण वेळ पाहून. सजगतेच्या ध्यानावर आधारलेली एक उपचारपद्धती २००२ पासून प्रसिद्ध आहे. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून ती उपयोगी पडते. परंतु आजार भरात असताना दहा दिवसांच्या शिबिरात मौन धरून बसणे सर्वांना मानवत नाही. विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतही ही साधना वैद्यकीय वा मानसोपचाराला पर्याय नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे.

कोठे जावे?

खर्चाची भीती बाळगू नये. जिल्हा रुग्णालये व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथील बाह्यरुग्ण विभागात तपासून घेता येते. १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. तो रात्रंदिवस विनामूल्य असून त्यावर मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा हक्क मानला असून रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे.

आपले कर्तव्य

अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, आणि भिक्खूंनी एकमेकांची शुश्रूषा करावी असे संघाला बजावले. संघ म्हणतात तो यालाच. आपल्यातील कोणी अचानक विहारात येईनासा झाला, तर घरी जाऊन चौकशी करावी. "मन घट्ट कर" असे सांगू नये. ते त्याने करून पाहिलेले असते. मरणाचे विचार येतात काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. होय म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

आम्हांला पहिल्या दिवशी दवाखान्याची पायरी चढताना फार जड गेले. आज वाटते, सोबत मंडळातले कोणी असते तर ती आठ महिने आधीच चढलो असतो. ज्या कोणाला अशी सोबत हवी असेल, त्याने आम्हांला निःसंकोच हाक मारावी. आम्ही येऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!