हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू आणि रोगप्रतिकार यंत्रणा

हर्पिस सिम्प्लेक्स हा ओठांवर, तोंडात किंवा जननेंद्रियांवर पाण्याने भरलेले वेदनादायी फोड आणणारा डीएनए विषाणू आहे. त्याचे प्रकार १ व प्रकार २ असे दोन प्रकार आहेत. मराठीत ‘नागीण’ म्हणून ओळखला जाणारा आजार याच कुळातील, परंतु कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे दोन-तृतीयांश लोकांना प्रकार १ चा संसर्ग झालेला असतो. बहुतेकांना त्याची कल्पनाही नसते. रोगप्रतिकार यंत्रणा हा विषाणू आटोक्यात ठेवते, पण शरीरातून समूळ नाहीसा करू शकत नाही.

सुरुवातीचा प्रतिसाद

विषाणू त्वचेच्या किंवा श्लेष्मल पटलाच्या पेशीत शिरताच तिच्यातील संवेदक प्रथिने त्याची चाहूल घेतात. पेशी इंटरफेरॉन स्रवते आणि त्यामुळे शेजारच्या पेशी विषाणूच्या वाढीस प्रतिकूल बनतात. हा टप्पा किती निर्णायक आहे हे २००७ साली स्पष्ट झाले. टीएलआर३ या संवेदकात जन्मजात दोष असलेल्या, एरवी निरोगी मुलांना या विषाणूमुळे गंभीर मेंदूदाह झाल्याचे त्या वर्षी आढळले.

पुढील काही दिवसांत टी पेशी व प्रतिपिंडे तयार होतात. आईची प्रतिपिंडे वारेतून गर्भाला मिळतात. म्हणूनच आईला पहिला संसर्ग गरोदरपणाच्या अखेरीस झाल्यास नवजात बालकाला सर्वाधिक धोका असतो. पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास तेव्हा अवधीच उरत नाही.

विषाणूची बचावनीती

संसर्ग झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि त्यावरून मारक टी पेशी तिला ओळखतात. विषाणूचे आयसीपी४७ हे प्रथिन या तुकड्यांची पेशीअंतर्गत वाहतूकच रोखते. मात्र अशी मांडणी नसणे हीच नैसर्गिक मारक पेशींसाठी धोक्याची खूण ठरते, त्यामुळे ही युक्ती पूर्णतः यशस्वी होत नाही.

सुप्तावस्था

खरा आसरा चेतापेशींत मिळतो. चेतातंतूंवाटे विषाणू चेतागुच्छिकांपर्यंत पोहोचतो. चेहऱ्याच्या संसर्गात ही बहुधा त्रिमूल चेतागुच्छिका असते. तेथे तो जवळजवळ कोणतेही प्रथिन तयार करत नाही, त्यामुळे ओळखण्याजोगे फारसे काही उरत नाही. तरीही टी पेशी तेथे पहारा देतात. या पेशींचे ग्रॅन्झाइम बी हे विकर विषाणूच्या पुनर्जागृतीस लागणारे प्रथिन तोडते आणि तरीही चेतापेशी जिवंत राहते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. नष्ट झालेली चेतापेशी सहसा पुन्हा निर्माण होत नाही, हे लक्षात घेता हा संयम मोलाचा आहे. ताप, तीव्र ऊन किंवा प्रतिकारशक्ती दुबळी होणे यांमुळे विषाणू पुन्हा जागृत होऊ शकतो. ॲसिक्लोव्हिर हे औषध त्याची वाढ रोखते. सुप्त विषाणूवर त्याचा परिणाम होत नाही.

प्रतिसादामुळे होणारी हानी

डोळ्याच्या पारपटलाच्या खोल थरांना झालेल्या संसर्गात बरीचशी हानी प्रतिकारपेशींच्या दाहामुळेच होते. वारंवार दाह झाल्यास पारपटल अपारदर्शक होऊन दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी नेत्रतज्ज्ञ विषाणूरोधक औषधासोबत दाह कमी करणारे स्टेरॉइडही देतात.

लस

विषाणूच्या पृष्ठभागावरील ग्लायकोप्रोटीन डीवर आधारित लसीची ८,००० हून अधिक स्त्रियांवर चाचणी झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या लसीमुळे प्रकार १ पासून काही प्रमाणात संरक्षण मिळाले, परंतु प्रकार २ चा संसर्ग टळला नाही.