आमच्या कपाटांतील पांच व्हीसीआर

भिवापुरास आमच्या घरीं प्रथमच येणाऱ्या गृहस्थास बैठकीच्या कपाटांत वरच्या फळीवर अमरकोश, रघुवंश व लघुकौमुदी दिसतात, आणि खालच्या दोन फळ्यांवर पांच जुने व्हीसीआर. वरच्या फळीचें त्याला कांहीं वाटत नाहीं. संस्कृताच्या मास्तराच्या घरीं तीं पुस्तकें असावयाचींच. खालीं नजर गेली कीं मात्र तो हटकून विचारतो, "गुरुजी, हें भंगार अजून ठेवलें आहे?" वाचकांच्या मनांतहि हाच प्रश्न येईल, म्हणून त्याचें उत्तर येथें जरा सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना या यंत्राची ओळख करून द्यावयास नको. फिलिप्सनें १९७२ सालीं, सोनीनें १९७५ सालीं व जेव्हीसीनें १९७६ सालीं आपापल्या पद्धतीचीं घरगुती यंत्रें बाजारांत आणलीं, आणि त्यांतील जेव्हीसीची व्हीएचएस ही पद्धत पुढें जगभर रूढ झाली. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या वर्षीं रंगीत दूरदर्शन आलें, आणि आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानांतून व्हीसीआरहि येऊं लागले. आमच्या गांवीं गणपतीच्या दिवसांत ते भाड्यानें आणीत. एका रात्रींत तीन तीन चित्रपट दाखवीत. तिसरा संपेतों सडासारवणाची वेळ झालेली असे. कॅसेटी बहुधा चोरट्या नकलाच. १९८४ सालीं कॉपीराइटचा कायदा दुरुस्त होऊन व्हिडिओ त्याच्या कक्षेंत आला खरा. पण गणपतीसमोर सतरंजीवर बसलेल्या आम्हां मास्तरमंडळींस त्याची कधीं आठवण झाल्याचें स्मरत नाहीं.

या यंत्राची रचना मोठी नवलाची आहे. फीत अर्ध्या इंचाची. तीन तासांच्या कॅसेटींत ती सुमारें अडीचशें मीटर भरते, आणि तिची चाल सेकंदास अडीच सेंटीमीटरांहूनहि कमी. चित्र टिपावयास एवढी गति मुळींच पुरत नाहीं. म्हणून ती फीत किंचित् कललेल्या एका लहानशा धातूच्या पिंपाभोंवतीं ओढून घेतली जाते, व तें पिंप मिनिटास दीड हजार फेरे घेतें. त्याच्या कडेस बसविलेले दोन सूक्ष्म हेड फितीवर तिरक्या रेघा ओढीत जातात. प्रत्येक रेघ केसाहूनहि बारीक. त्या वाचावयास पुन्हां तसेंच पिंप, तोच कल आणि तोच वेग लागतो. आमच्या घरीं आजोबांच्या वेळचीं मोडी कागदांचीं दोन बाडें आहेत. तीं वाचणारा मनुष्य आजहि मिळतो, आणि न मिळाल्यास आपण स्वतः मोडी शिकूं शकतों. फितीपुढें मात्र मनुष्याची विद्या चालत नाहीं. तिला यंत्रच हवें. आणि तें तर फुनाई या शेवटच्या जपानी कारखान्यानेंहि २०१६ च्या जुलईंत करावयाचें थांबविलें.

ही बातमी आम्हीं वाचली तेव्हां सेवानिवृत्त होऊन एक वर्ष झालें होतें. ती वाचून माळ्यावरची एक कॅसेट आठवली.

आमच्या धाकट्या भगिनीचें लग्न १९८९ च्या वैशाखांत झालें. उमरेडहून कॅमेरावाला आणला होता. हळदीच्या दिवशीं आईनें जात्याशीं बसून ओव्या म्हटल्या, आणि त्या पोरानें त्या वीस-पंचवीस मिनिटें टिपून घेतल्या. त्यावर आम्ही त्याच्यावर रागावलों होतों. बायकांच्या ओव्यांवर फीत कशाला घालवावयाची, वरातीला पुरावयास हवी, असें आमचें म्हणणें! पुढें आम्हीं एक जुना व्हीसीआर विकत घेतला. १९९१ सालीं दूरदर्शनवर 'चाणक्य' ही मालिका सुरू झाली. विषय आमच्या आवडीचा. पण एका भागाच्या वेळीं आम्हांस बाहेर जाणें प्राप्त होतें. घरांत कोरी कॅसेट नव्हती. हाताशीं लागली ती लग्नाची. कॅसेटच्या मागील कडेस एक चिमुकली पट्टी असते; ती मोडून टाकली कीं यंत्र त्या फितीवर नवें कांहीं टिपून घेत नाहीं. आम्हीं ती मोडली नव्हती. आई त्या वेळीं स्वयंपाकघरांतच होती, तिचा आवाज दिवसभर कानीं पडत होता. आपण कशावर काय टिपतों आहों, याचा विचारहि मनाला शिवला नाहीं.

१९९६ सालीं आई गेली.

माळ्यावरून यंत्र खालीं काढलें तें उघडण्याच्याहि योग्यतेचें राहिलें नव्हतें. आंतील रबरी पट्टे वितळून त्यांचें डांबर झालें होतें. आमच्याकडे मे महिन्यांत पत्र्याखालीं काय तापतें तें विदर्भाबाहेरील वाचकांस सांगून पटावयाचें नाहीं. शिवाय आमच्या घराशेजारीं मिरचीचा सातरा आहे. भिवापुरी मिरचीची कीर्ति थोर आहे, तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. पण तिचा लाल धुरळा व्हीसीआरच्या हेडांना मानवत नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी उमरेडास टीव्ही दुरुस्त करीत असे. त्यानें तें यंत्र पाहून हात जोडले, आणि दुसरें शोधावयास सांगितलें. दुसरें नागपुरास एका भंगारवाल्याकडे वजनावर मिळालें. तें फीत खाई. तिसरें बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचें. त्याचे पट्टे पहिल्याला बसविले तेव्हां पहिलें चालूं लागलें. चौथें आम्हीं केवळ बुरशी धरलेल्या फितींसाठीं वेगळें काढलें आहे, कारण अशी एक फीत चालविली कीं बुरशी यंत्राला लागते, आणि यंत्राची पुढच्या प्रत्येक फितीला. पांचवें अमेरिकेंतल्या भाच्यानें दिलें. तिकडच्या फिती एनटीएससी पद्धतीच्या, आपल्या पाल पद्धतीच्या. हें यंत्र दोन्ही वाचतें.

असा व्यासंग करूं इच्छिणाऱ्यांस एवढेंच सांगतों कीं, नव्यानें हातीं आलेल्या यंत्रांत आपली मोलाची कॅसेट प्रथम कधींहि घालूं नये. एखाद्या टाकाऊ कॅसेटीवर त्याची परीक्षा करावी. कॅसेटी उभ्या ठेवाव्या, आणि कडेची ती पट्टी आजच मोडून टाकावी. दोन यंत्रें असलीं तर नुसतें पाहणेंच नव्हे, कापून जोडणेंहि साधतें. मालेगांवचे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवीत. त्यांनीं २००० सालीं 'मालेगांव के शोले' हा चित्रपट काढला तो याच साहित्याच्या जोरावर. आमची मजल तेथवर नव्हती. आम्हांस एकच फीत एकदां नीट पाहावयाची होती.

२०१८ च्या दिवाळींत भगिनी चंद्रपुराहून आली. विद्यार्थ्यानें स्पिरिटानें हेड पुसले, यंत्राची तार संगणकास जोडली, आणि म्हणाला, "गुरुजी, ही फीत एकदांच चालेल असें धरून चला. पाहणें आणि संगणकांत उतरविणें एकदमच होऊं द्या."

पडद्यावर चाणक्य आला. पाऊण तासभर आम्ही तिघे मगधाचें राजकारण पाहात बसलों. मधें कोणी बोललें नाहीं. मग तो भाग संपला, पडद्यावर पांढऱ्या मुंग्या धांवल्या, चित्र दोनदां उडालें, आणि जातें दिसलें. आई अर्धी ओंवी म्हणून थांबली. कॅमेऱ्याकडे पाहून तिनें पदरानें घाम टिपला आणि म्हणाली, "झालं ना बाबू तुझं? ऊठ आता, चहा घे." पुढें वरात सुरू झाली.

"दादा, ओव्या कुठें गेल्या?" भगिनीनें विचारलें. आम्हीं सांगितलें. एकोणतीस वर्षांत तें तिला ठाऊक नव्हतें, आणि आम्हांसहि तोंवर नक्की ठाऊक नव्हतें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें तेवढा तुकडा संगणकावर पुन्हां लावावयास सांगितला, आणि ती अर्धी ओंवी सुरू होतांच तिची पहिली ओळ आपण म्हटली. त्या दुपारीं तिला एकंदर अकरा ओव्या आठवल्या. आम्ही वही घेऊन बसलों, आणि विद्यार्थ्याचा चहा तसाच निवून गेला.