आवडतं पात्र मराठीत कसं सांगायचं?

(शिरूर आणि दौंड इथं झालेल्या दोन व्याख्यानांचं एकत्रित शब्दांकन)

शिरूरचं व्याख्यान संपल्यावर आमच्या हातात एक चिठ्ठी आली. वहीचं फाडलेलं पान, खाली नाव नाही. लिहिलं होतं, "मी मोबाइलवर वेबकॉमिक वाचते. त्यातलं माझं आवडतं पात्र मैत्रिणीला मराठीत कसं सांगू? इंग्रजीत शब्द आहे. मराठी शब्द उच्चारला की वर्गात हसतात." तेव्हा वेळ संपली होती, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे उत्तरही नव्हतं. म्हणून आज दौंडला सुरुवात त्या चिठ्ठीपासूनच करू.

ज्यांनी वेबकॉमिक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चित्रकथाच, पण छापलेली नाही. फोनवर बोटानं सरकवत वाचायची, आणि भागाभागानं येणारी. आपल्याला वर्तमानपत्रातला 'चिंटू' माहीत आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये सुरू केला. चिंटू वर्षानुवर्षं तेवढाच राहिला. पुष्कळ वेबकॉमिकमधली पात्रं मात्र वाचकाबरोबर वाढतात. गोष्ट पाच-सात वर्षं चालते, आणि तेवढ्या काळात माणसांना हाक मारायचे शब्दसुद्धा बदलतात. जुने भाग तिथंच असतात, नवे त्यांच्यापुढं जोडले जातात. म्हणून या वाचकांमध्ये एक वाद कायम चालू असतो : या पात्राला म्हणायचं काय?

एक उदाहरण घेऊ. ॲलिस ओसमन या इंग्लंडमधल्या लेखिकेचं 'हार्टस्टॉपर' हे वेबकॉमिक २०१६ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये त्याची मालिका आली. त्यात निक नावाचा शाळकरी मुलगा आहे, रग्बी खेळणारा. चार्ली नावाचा मुलगा त्याला आवडायला लागतो. पण मुलीही आवडतात. मग तो रात्री इंटरनेटवर स्वतःसाठी शब्द शोधत बसतो. कथेचा मोठा भाग म्हणजे हा शब्दाचा शोध. निकला शब्द सापडतो : बायसेक्शुअल.

आता हे मराठीत सांगा. शब्द आहे, 'उभयलिंगी'. पण तो आपल्याला आधी कुठं भेटलेला असतो? विज्ञानाच्या पुस्तकात. जास्वंदाचं फूल उभयलिंगी, गांडूळ उभयलिंगी. कुणाबद्दलच लैंगिक ओढ न वाटणाऱ्या माणसासाठी 'अलैंगिक' म्हणावं, तर तिथं अमिबा बसलेला, 'अलैंगिक प्रजनन' करत. वर्ग हसतो त्याचं एक कारण हे आहे. मुलं दुष्ट आहेत असं नाही. शब्द एका माणसाच्या ओढीविषयी बोलतोय आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं गांडूळ येतंय.

दुसरी अडचण व्याकरणाची. एखादं पात्र म्हणतं, मी मुलगाही नाही, मुलगीही नाही. इंग्रजीत 'आय गो' म्हटलं की भागतं. मराठीत 'मी जातो' की 'मी जाते'? पहिल्याच क्रियापदाला गाडी अडते. काहींना वाटतं, सोपं आहे, 'ते आलं' म्हणू. थांबा. आजी दारात उभी राहून "आलं का माझं लेकरू" म्हणते, त्यात माया असते. तेच "ते बघ आलं" वर्गातल्या मागच्या बाकावरून ऐकू आलं तर ती शिवी असते. व्याकरण तेच, बोलणारं तोंड वेगळं.

पण आपली मराठी इतकी काही गरीब नाही. 'मी जाईन', 'मला वाटतं', 'मी पुस्तक वाचलं' ही वाक्यं कुणीही बोलू शकतं, बोलणारा की बोलणारी ते कळत नाही. 'आम्ही जातो' तर सगळ्यांचंच. आणि आदरार्थी बहुवचनात 'ते' आणि 'त्या' वेगळे असले, तरी 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' ही रूपं एकच. म्हणजे "त्यांनी सांगितलं, त्यांना आवडलं" असं म्हणत बराच पल्ला गाठता येतो, तोही मान राखून. मात्र एक लक्षात ठेवा. ही कसरत प्रत्येकासाठी लागत नाही. याच कॉमिकमधली एल ही ट्रान्स मुलगी आहे. तिला 'ती' म्हणायचं. विषय संपला.

आता पात्र वाचण्याकडे येऊ. फॅन मंडळींकडे दोन शब्द आहेत. लेखकानं कथेत सांगितलेलं ते 'कॅनन'. लेखकानं सांगितलेलं नाही, पण वाचकाला चित्रांतून, नजरेतून, न बोललेल्या वाक्यांतून वाटतं, ते 'हेडकॅनन'. आपल्याला हे नवं नाही. कर्णाच्या मनात काय होतं यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडतोच आहोत.

आणि पात्राकडे बघण्याची नजर बदलते, हेही आपण अनुभवलंय. दौंडकरांना चौफुल्याची कलाकेंद्रं सांगायला नकोत. तमाशातला नाच्या आला की प्रेक्षक हसतो, त्याची चाल तशीच असते. आनंद यादवांची 'नटरंग' कादंबरी, आणि तिच्यावर रवी जाधवांनी केलेला २०१० चा सिनेमा आठवा. गुणा नाच्या होतो तेव्हा थिएटर हसतं. पुढं मंचाबाहेर त्याच गुणाचे जे हाल होतात, ते बघताना त्याच प्रेक्षकांना आपलं आधीचं हसू टोचतं. पात्र तेच, माणूस तोच. आपण त्याला कुठल्या जागेवरून बघत होतो, तेवढं कळलं.

शब्दाचंही असंच असतं. 'भीमायन' नावाची चित्रकथा २०११ मध्ये आली, बाबासाहेबांच्या आयुष्यावरची. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ती काढली. शेजारच्या शिरूर तालुक्यातलं कोरेगाव भीमा, त्याजवळच्या जयस्तंभाला बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ ला भेट दिली होती. त्यामुळं हे पुस्तक आपल्या भागात वाचताना कुणी परकं राहत नाही. या पुस्तकात संवादाचे फुगे दोन तऱ्हांचे आहेत. साधं, निर्विष बोलणं पक्ष्याच्या आकारात. विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. लहानग्या भीमाचा मसूर स्टेशनचा प्रसंग त्यात आहे. स्टेशनमास्तर विचारतो तुम्ही कोण, आणि मूल सहज सांगून टाकतं, आम्ही महार. मुलाच्या तोंडी ते साधं उत्तर आहे. ऐकणाऱ्याचा चेहरा मात्र पालटतो, आणि पुढं गाडीवानही मिळेनासा होतो. शब्द एकच. नांगी शब्दाला नव्हती, ऐकणाऱ्याच्या मनात होती.

म्हणून "बरोबर शब्दांची यादी द्या" असं कुणी म्हटलं की आम्ही जरा बिचकतो. यादी बदलते. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी तो सुचवला, २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याण विभागही झाला. पण अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या काही संघटनांनीच त्याला विरोध केला होता. नाव गोड केल्यानं जिन्याचा उतार होत नाही, हा त्यांचा मुद्दा. दुसरीकडे, तो शब्द आवडीनं वापरणारी माणसंही आहेत. मग करायचं काय? समोरच्याला विचारायचं. शब्द बदलतात ते कुणाला सभ्यपणाची हौस आली म्हणून नाही. ज्याच्याविषयी आपण आजवर आपसात बोलत होतो, तो माणूस आता वाचकांत, वर्गात, इथं या सभागृहात बसलेला असतो आणि ऐकत असतो, म्हणून बदलतात.

आणि इथंच पात्र आणि माणूस यांतला फरक येतो. पात्राबद्दल खुशाल तर्क करा, पात्राला कुणी शाळेत गाठून मारत नाही. जिवंत माणसाबद्दल मात्र हेडकॅनन करायचं नाही. वर्गातला अमुक 'तसा' असेल, असं म्हणत फिरायचं नाही. 'हार्टस्टॉपर'मधल्या चार्लीबद्दल कथा सुरू होण्याआधीच त्याच्या इच्छेविरुद्ध शाळेत बातमी पसरलेली असते आणि त्याचा छळ झालेला असतो. त्यानं सांगण्याआधी इतरांनी सांगितलं, जखम तिथली आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथीयांच्या बाबतीत हेच तत्त्व मान्य केलं : आपली लिंगओळख ज्याची त्यानं ठरवायची.

तर चिठ्ठी लिहिणाऱ्या मुली, तुझं उत्तर. आधी शब्द नको, गोष्ट सांग. "एक मुलगा आहे, त्याला मुलगेही आवडतात, मुलीही, आणि त्याला ते कळायला वेळ लागतो." मैत्रीण ऐकेल. मग म्हण, याला उभयलिंगी म्हणतात, किंवा बाय म्हणतात. गोष्ट आधी आली की गांडूळ मागं पडतं. कुणी हसलं तर लगेच भांडू नकोस, पुढचा भाग वाचायला दे.

ती चिठ्ठी पात्राविषयी होती की आणखी कशाविषयी, हे आम्ही विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. सांगावंसं वाटलं तर ज्याचं त्यानं सांगावं. आपण ऐकायला बसलेलो असावं, एवढंच.